सुईच्या अग्राएवढें पाणी

आमचें सोनारी हें गांव धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यांत आहे. काळभैरवनाथाचें देऊळ आणि त्या देवळाच्या आश्रयानें राहणारीं माकडें, या दोन गोष्टींसाठीं तें आसपासच्या मुलखांत ओळखलें जातें. यात्रेकरूनें फुटाण्यांची पुडी सोडली कीं पुढें काय घडतें, हें आम्हां गांवकऱ्यांस पाठ आहे. टोळींतील दांडगा नर प्रथम पुढें येतो. एखाद्या लहान माकडानें त्याच्या आधीं हात घातला, तर तो दांत विचकून त्याच्या अंगावर धांवतो. तें बिचारें किंचाळतें, भिंतीवरून उडी मारतें आणि समोरच्या लिंबावर जाऊन बसतें. दांडगा नर खालूनच एकदां गुरकावतो आणि पुन्हां फुटाण्यांकडे वळतो. भांडण तेथेंच संपतें. आणि तें मिटविण्याचें श्रेय कोणास द्यावयाचें असेल, तर तें त्या लिंबाच्या झाडास द्यावें लागेल. आज ज्या माशांविषयीं मी बोलणार आहें, त्यांच्यापाशीं हें लिंबाचें झाड नसतें. एवढी एक गोष्ट आपण ध्यानांत ठेवली, तरी माझें निम्में काम झालें.

मी मॅट्रिक झालेला, आयुष्यभर खडूच्या धुळींत वावरलेला शाळामास्तर. मत्स्यशास्त्राचा मी अभ्यासक नाहीं. जें सांगणार आहें तें थोडें वाचून, थोडें जाणत्यांस विचारून आणि पुष्कळसें स्वतःच्या चुकींतून शिकलेलें आहे. दोन वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुटींत माझा मुलगा पुण्याहून घरीं येतांना माझ्या नातवासाठीं कांचेची एक टाकी आणि प्लास्टिकच्या पिशवींत पांच मासे घेऊन आला. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच. मासे दीड-दोन इंचांचे. काळसर अंगावर पांढऱ्या आणि नारिंगी रेघांची नागमोडी नक्षी. दुकानदारानें नांव सांगितलें होतें 'ऑस्कर', आणि वर भरंवसा दिला होता कीं, एवढ्या टाकींत पांचही मासे सुखानें राहतील. नातू तेव्हां पांचवींत होता. मासे पांच आहेत हें पाहतांच त्यानें नांवें ठेवून टाकलीं : धर्म, भीम, अर्जुन, नकुल आणि सहदेव.

पहिला महिना कौतुकांत गेला. ऑस्कर हा मासा इतर शोभेच्या माशांसारखा नाहीं. तो माणूस ओळखतो, निदान अन्न देणारा माणूस तरी ओळखतो. नातू शाळेतून आला कीं पांचही जण कांचेपाशीं गोळा होत आणि शेपट्या हालवीत त्याच्या बोटामागें फिरत. आमच्या मंडळींनीं आरंभीं नाक मुरडलें होतें. पण पंधरा दिवसांनीं त्याच स्वयंपाक आटोपून टाकीसमोर पाट मांडून बसूं लागल्या. मी स्वतः एकदोनदां म्हणालों होतों, "लहान आहेत तोंवर ठीक आहे. वाढतील तेव्हां पाहूं." श्रोतेहो, हें वाक्य आपण विसरूं नका. सहदेवाच्या मृत्यूचें मूळ त्यांतच होतें.

दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस ते तीन इंचांवर गेले, आणि घरांतलें वातावरण पालटलें. भीमानें पाणी गाळण्याच्या यंत्राखालचा कोपरा आपला म्हणून ठरविला. तेथें कोणी आलें कीं तो कल्ले फुगवून, परांचे पिसारे ताठ करून आडवा होई. कधीं दोघे जण तोंडांत तोंड अडकवून एकमेकांस मागें रेटीत. पहिलवानांनीं कुस्तीच्या आरंभीं खांद्यास खांदा लावावा, तसा तो प्रकार. नातवास त्यांत मौज वाटे. परंतु थोड्याच दिवसांत कुस्ती संपून शिकार सुरू झाली. सहदेव सर्वांत लहान. तो पाण्याच्या पृष्ठभागाशीं एका कोपऱ्यांत तिरपा उभा राही, अंगाचा रंग काळवंडलेला, परांच्या कडा फाटलेल्या. अन्न टाकलें तरी तो खालीं येत नसे. एका सकाळीं तो तळाशीं मरून पडलेला आढळला. त्याचा एक डोळा गेलेला होता.

नातवानें मला विचारलें, "आजोबा, भीम वाईट आहे का?"

छत्तीस वर्षें मुलांच्या प्रश्नांस उत्तरें देण्यांत गेलीं. परंतु या प्रश्नास मीं जें उत्तर दिलें, तें मास्तरकीच्या संवयीचें होतें. मीं अपराध्यास शिक्षा केली. भीमास काढून एका बादलींत ठेवलें. मला वाटलें, आतां शांतता होईल. ती दोन दिवस झालीही. तिसऱ्या दिवशीं यंत्राखालच्या त्याच कोपऱ्यांत अर्जुन उभा होता, कल्ले फुगवून. आणि नकुलाच्या शेपटीचा एक तुकडा नाहींसा झाला होता.

तेव्हां मात्र मला माझा वर्ग आठवला. तीन मुलांच्या बांकावर पांच मुलें बसविलीं, म्हणजे कडेचा मुलगा चिमटे काढूं लागतो. त्याला उठवून उभें करा. तासाभरांत दुसरा कडेचा मुलगा चिमटे काढूं लागतो. नव्या मास्तराला वाटतें, वर्गांत दोन खोडकर मुलें आहेत. जुना मास्तर जाऊन आणखी एक बांक घेऊन येतो. मी जुना मास्तर असूनही माशांच्या बाबतींत नवा ठरलों होतों.

आतां या माशाची कुळकथा सांगतों. ऑस्कर हा मूळचा दक्षिण अमेरिकेंतील अमेझॉन नदीच्या खोऱ्याचा रहिवासी. लुई अगासी या शास्त्रज्ञानें इ. स. १८३१ मध्यें त्याचें शास्त्रीय वर्णन केलें आणि त्याच्या शेपटीच्या मुळाशीं असणाऱ्या डोळ्यासारख्या ठिपक्यावरून त्यास 'ओसेलेटस' म्हणजे 'डोळे असलेला' असें नांव दिलें. तो सिक्लिड नांवाच्या कुळांतला आहे, आणि हें कूळ आपणांस वाटतें तितकें परकें नाहीं. उजनीच्या जलाशयांतून आमच्या बाजारांत येणारी चिलापी याच कुळांतली, आफ्रिकेंतून आलेली. गोव्याच्या खाड्यांतील कालुंदर तर याच कुळांतला आपला अस्सल देशी मासा. या कुळांतील पुष्कळ माशांचा स्वभाव असा कीं, आईबाप मिळून अंड्यांची आणि पिलांची राखण करतात. आता राखण करावयाची म्हणजे आधीं जागा हवी आणि जागा राखण्यास तोंडांत बळ हवें. म्हणून ज्याला आपण भांडखोरपणा म्हणतों, तो त्याच्या संसाराचाच एक भाग आहे. बाप म्हणून जो गुण, तोच शेजारी म्हणून अवगुण. माणसांतही हा प्रकार अगदींच दुर्मिळ आहे असें नाहीं.

कोनराड लॉरेंझ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें माशांच्या आणि पक्ष्यांच्या वागणुकीचा जन्मभर अभ्यास केला. पुढें १९७३ मध्यें त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. आक्रमक वृत्तीवर त्याचें एक पुस्तक १९६३ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांत तो सांगतो कीं, आपल्याच जातीच्या माशास हुसकावून लावण्याच्या वृत्तीमुळें मासे उपलब्ध जागेंत विखुरले जातात आणि प्रत्येकाच्या वाट्यास पोटापुरतें क्षेत्र येतें. मोकळ्या पाण्यांत हरलेला मासा पळून जातो, आणि जिंकलेला त्याच्या मागें फार दूर जात नाहीं. कांचेच्या टाकींत हरलेल्यास पळण्यास जागा नसते. तो शरण आला तरी दृष्टीआड होऊं शकत नाहीं. आणि जोंवर तो दिसतो आहे, तोंवर जिंकणाऱ्याच्या लेखीं युद्ध संपलेलें नसतें. आमच्या देवळासमोरच्या लिंबाच्या झाडाचें महत्त्व मला त्या दिवशीं खरें कळलें.

आतां थोडें गणित. मी हाच विषय शिकवीत असें, म्हणून तें सांगतांना मला अधिक लाज वाटते. ऑस्करचें पिलूं चांगलें अन्न मिळाल्यास आरंभीं महिन्यास सुमारें एक इंच वाढतें. वर्ष-दीड वर्षांत तो दहा ते बारा इंचांचा होतो, आणि नीट सांभाळल्यास दहा वर्षें किंवा त्याहूनही अधिक जगतो. आमची टाकी होती दोन गुणिले एक गुणिले एक, म्हणजे दोन घनफूट. एका घनफुटांत सुमारें २८ लिटर पाणी मावतें. म्हणजे सारी मिळून ५६ लिटर. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली, तर पन्नासाच्याही खालीं. टाकीची रुंदी एक फूट, आणि पुढें होणाऱ्या माशाची लांबीही एक फूट. तो मासा त्या टाकींत सरळपणें वळूंसुद्धां शकला नसता. घनफळाचीं उदाहरणें मीं हजारों मुलांकडून सोडवून घेतलीं, आणि माझ्याच घरांत आलेल्या टाकीची लांबी, रुंदी व उंची मीं गुणून पाहिली नाहीं.

मग किती जागा हवी? एकट्या मोठ्या ऑस्करसाठीं चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी असावी. हे झाले बारा घनफूट, म्हणजे ३४० लिटर. वर चार बोटें जागा सोडली, तर सुमारें ३०० लिटर पाणी राहतें. दोन मासे ठेवावयाचे असतील, तर सहा फूट लांब व दोन-दोन फूट रुंद आणि उंच, म्हणजे चोवीस घनफूट. हे सुमारें ६८० लिटर होतात. यांत उंचीपेक्षां लांबी-रुंदीस महत्त्व अधिक, कारण मासा आपल्या राज्याची हद्द तळावर आंखतो. आणखी एक हिशेब विसरूं नये. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. तीनशे लिटरांची टाकी कांच आणि वाळू धरून तीन क्विंटलांच्या वर जाते. ती पुस्तकांच्या कपाटावर ठेवतां येत नाहीं. तिला लोखंडी घोडा लागतो आणि खालची जमीन सपाट लागते.

संख्येविषयींही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सहसा ध्यानांत येत नाहीं. मध्यम टाकींत दोन मासे ही सर्वांत वाईट संख्या होय. दोघांत एक बळकट निघतो आणि त्याचा सारा राग दुसऱ्या एकट्यावर दिवसरात्र कोसळतो. पांच-सहा असले, तर राग वांटला जातो आणि कोणा एकाचा जीव जात नाहीं; परंतु पांच-सहांस पुरेल एवढी टाकी सामान्य घरांत मावत नाहीं. त्यामुळें बहुतेकांसाठीं खरा प्रश्न असा कीं, एक मासा सुखानें ठेवावा कीं पिलें एकत्र वाढवून वेळेवर वेगळीं करावीं. दुसरा मार्ग पत्करणाऱ्यानें वेगळें करण्याची सोय पहिल्याच दिवशीं करून ठेवावी. ऑस्करमध्यें नर कोणता आणि मादी कोणती हें लहानपणीं बाहेरून ओळखतां येत नाहीं. एखादें जोडपें जमलें, तर तें सपाट दगडावर हजाराच्या वर अंडीं घालतें, आणि मग त्या टाकींत तिसऱ्यास जागा उरत नाहीं.

पिलें एकत्र असतांना भांडण आटोक्यांत कसें ठेवावें, हें आतां सांगतों. पहिली गोष्ट, सारीं पिलें एकाच आकाराचीं घ्यावीं. ज्याच्या तोंडांत जो मावेल, त्याला ऑस्कर अन्न समजतो. दुसरी गोष्ट, टाकींत आडोसे करावे. मातीच्या कुंड्या आडव्या ठेवाव्या, जड गोल दगड मांडावे. धार असलेला दगड नको आणि डळमळणारा तर मुळींच नको, कारण हा मासा सामान हलविण्यांत पटाईत आहे. आडोशांचा हेतु शोभा हा नसून, एका टोकाच्या माशास दुसऱ्या टोकाचा मासा दिसूं नये, हा आहे. तिसरी गोष्ट, नवा मासा सोडतांना किंवा वेगळा केलेला परत आणतांना सारे दगड-कुंड्या आधीं उचलून नव्यानें मांडाव्या. जुन्या हद्दी मोडल्या, म्हणजे जुना मालकही कांहीं काळ पाहुणाच होतो. चौथी गोष्ट, अन्न एका जागीं टाकूं नये. दोन टोकांस एकाच वेळीं टाकावें आणि थोडें टाकावें. जिवंत छोटे मासे खाऊं घालण्याची हौस कित्येकांस असते. तिनें रोग घरांत येतो. विकत मिळणाऱ्या गोळ्या आणि अधूनमधून स्वच्छ जागचें गांडूळ पुरेसें होतें. पांचवी गोष्ट, टाकीवर झांकण असावें. घाबरलेला ऑस्कर पाण्याबाहेर उडी घेतो.

कुस्ती कोणती आणि छळ कोणता, हें ओळखण्याची खूणही सांगून ठेवतों. कल्ले फुगविणें, आडवें होणें, क्षणभर तोंडास तोंड लावणें आणि मग दोघांनींही आपापल्या वाटेनें जाणें, ही मोजणी आहे. ती होऊं द्यावी. परंतु एकच मासा सतत पळत असेल, कोपऱ्यांत पृष्ठभागाशीं उभा राहत असेल, रंग काळवंडला असेल, खवले निघाले असतील, अन्नास तोंड लावीत नसेल, तर त्याला त्याच दिवशीं वेगळें काढावें. उद्यांवर टाकूं नये. टाकीच्या मधोमध भोकें पाडलेला प्लास्टिकचा पत्रा बसविला, तर पाणी एक राहतें आणि राज्यें दोन होतात. छळणाऱ्यास बादलींत घालण्यापेक्षां हा उपाय चांगला. तरी तोही काळ मारून नेण्याचाच उपाय आहे. पत्रा घातल्यानें टाकीचीं घनफुटें वाढत नाहींत.

एक कारण डोळ्यांस दिसत नाहीं, तें पाण्यांत असतें. माशाच्या श्वासांतून आणि विष्ठेंतून अमोनिया निघतो आणि तो विषारी असतो. वाळूंत आणि यंत्राच्या स्पंजांत राहणारे सूक्ष्म जीवाणु त्याचें आधीं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइट विषारी, नायट्रेट त्या मानानें सौम्य. हे जीवाणु नव्या टाकींत पुरेसे वाढावयास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून नव्या टाकींत एकदम बरेच मासे सोडणें हा घातच होय. आणि तो आम्हीं केला होता. गर्दीच्या टाकींत पाणी लवकर नासतें, नासलेल्या पाण्यांत कल्ले चुरचुरतात, मासा चिडका आणि दुबळा होतो, आणि मग फाटलेली परें सडूं लागतात. उपाय एकच : दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलणें. नळाच्या पाण्यांत जंतुनाशक क्लोरिन असतो. तें पाणी उघड्या पिंपांत दिवसभर ठेवून मग वापरावें, म्हणजे तो बराचसा उडून जातो. घाई असल्यास पूर्वीं छायाचित्रकार जो हायपो वापरीत, तोच येथें उपयोगी पडतो. यंत्राचा स्पंज मात्र नळाखालीं धुऊं नये, टाकींतून काढलेल्या पाण्यांतच पिळावा. नाहींतर उपकारी जीवाणूच मरतात.

येथें आमच्या घरचा खरा तंटा उभा राहिला. तीनशे लिटरांचा चौथा हिस्सा म्हणजे आठवड्यास पंचाहत्तर लिटर. शहरांतील नळवाल्या बिऱ्हाडास हा आंकडा मोठा वाटणार नाहीं. आमचा भाग अवर्षणाचा. सीना-कोळेगांवचें धरण आमच्याच तालुक्यांत असलें, तरी पाऊस रुसला म्हणजे उन्हाळ्यांत हंडा-हंडा मोजावा लागतो. मीं मोठी टाकी घेण्याचा विषय काढला, तेव्हां आमच्या मंडळी म्हणाल्या, "अहो, चैत्रांत दारांत टँकरची वाट पाहायची आणि माशांना पिंपभर पाणी ओतायचं, हें शेजाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कसं करायचं?" प्रश्न रास्त होता. मीं उत्तर शोधलें तें असें. टाकींतून काढलेलें पाणी वायां जात नाहीं. त्यांत नायट्रेट असतें, म्हणजे झाडांचें खतच असतें. परसांतील कढीलिंब, पपई आणि लिंबोणी यांस एरवीं जें पाणी घालीत होतों, तें आतां माशांकडून फिरून जाऊं लागलें. मोठ्या टाकीचा आणखी एक फायदा असा कीं, वीज गेली तरी थोडा वेळ निभावतें. थोड्या पाण्यांतला प्राणवायु लवकर संपतो आणि उन्हाळ्यांत कोंबट पाण्यांत तो मुळांतच कमी असतो. तरीही हा हिशेब एका माशापुरताच बसला. दोघांसाठीं तो बसत नव्हता, चौघांसाठीं तर नव्हताच. शेजाऱ्याच्या हंड्याकडे पाहून ज्याला आपली टाकी झांकून ठेवाविशी वाटेल, त्यानें एक तरी मासा जास्त ठेवलेला आहे, असें मी समजतों.

तर मग तीन मासे कोठें न्यावे? एका शेजाऱ्यानें सुचविलें, "गुरुजी, धरणांत सोडून द्या. जीव वांचल्याचं पुण्य लागेल." सांगणाऱ्याचें मन चांगलें होतें, आणि क्षणभर मलाही मोह झाला. पण या पुण्याचें फळ काय होतें, तें उजनींत जाऊन पाहावें. मोझांबिकी चिलापी आपल्या देशांत १९५२ सालीं आणली गेली. पुढें तिच्या जातभाई आल्या. आज उजनीच्या जाळ्यांत चिलापीचाच भरणा असतो. कोळ्यांस तिनें रोजगार दिला हें खरें; पण भीमेच्या मूळच्या माशांस तिच्याशीं जागेसाठीं आणि अन्नासाठीं झगडावें लागतें, हेंही तितकेंच खरें. ऑस्कर अमेरिकेंतील फ्लोरिडांत असाच पाळीव टाक्यांतून आणि तळ्यांतून बाहेर पडला आणि तेथील कालव्यांत कायमचा वस्तीस राहिला. थंडी हा त्याचा शत्रु. पाणी १२-१३ अंशांखालीं गेलें कीं तो मरतो. आमच्या भागांतील जलाशयांचें पाणी इतकें गार होत नाहीं. म्हणजे तो येथें जगेल, आणि त्याच्या तोंडांत मावेल तें सारें खाईल. एका बादलींतलें भांडण सबंध धरणांत नेऊन सोडणें, यास पुण्य म्हणतां येत नाहीं. विहीर, बारव, ओढा, यांपैकीं कोठेंही तो सोडूं नये. त्याच्यासाठीं दुसरें घर शोधावें; न मिळाल्यास दुकानदारास परत द्यावा, पैसे मागूं नयेत.

आम्हांस घर मिळालें. बार्शीच्या एका गृहस्थांपाशीं सहा फुटी टाकी होती आणि तींत याच आकाराचे तीन ऑस्कर होते. त्यांनीं आमचे तीन घेण्याचें कबूल केलें. दगड-कुंड्या माझ्या देखत उलट्यासुलट्या केल्या आणि, हे सहा जण मोठे झाले म्हणजे निम्मे दुसरीकडे देईन, असेंही स्वतः होऊन सांगितलें. चार फुटी टाकी आम्हीं घेतली, ती माझ्या निवृत्तिवेतनांतून. राहणारा एक कोणता, हें नातवानें ठरवावयाचें होतें. मला वाटलें होतें, तो भीमास ठेवील, कारण भीम सर्वांत देखणा आणि सर्वांत माणसाळलेला. त्यानें नकुलास ठेवलें. कारण विचारलें, तेव्हां म्हणाला, "भीम कुठंही राहील, आजोबा." नकुलाची शेपटी महिना-दीड महिन्यांत भरून आली. स्वच्छ पाण्यांत माशाचीं परें पुन्हां वाढतात, हा निसर्गाचा मोठाच दिलासा आहे. आज तो दहा इंचांचा आहे आणि मीं वर्तमानपत्र वाचावयास बसलों कीं कांचेपाशीं येऊन उभा राहतो. एकटा आहे म्हणून तो खंतावला, असें मला दोन वर्षांत एकदांही दिसलें नाहीं. सोबतीची गरज मला वाटते, तशीच त्यालाही वाटत असेल, हें आपण उगाच धरून चालतों.

शिष्टाईच्या वेळीं पांच पांडवांसाठीं पांच गांवें मागितलीं गेलीं आणि दुर्योधनानें सुईच्या अग्रावर राहील एवढी माती देण्याचेंही नाकारलें, ही कथा मीं वर्गांत कितीदां तरी सांगितली असेल. ती सांगतांना मी नेहमीं पांडवांच्या बाजूस उभा असें. आमच्या दिवाणखान्यांत मात्र पांच भावांस दोन घनफुटांत कोंडून, ते एकमेकांस खातात म्हणून त्यांनाच शिक्षा करणारा मी होतों. नातवाच्या प्रश्नाचें उत्तर मला उशिरां सुचलें, पण त्यास तें मीं सांगितलें. भीम वाईट नव्हता. त्याला जेवढें पाणी लागतें, तेवढें त्याच्या वाट्यास आलें नव्हतें, आणि तें देणें माझ्या हातांत होतें.

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं मुलें आहेत, आणि मुलें माशांच्या दुकानासमोर थांबतात. त्यांस थांबूं द्यावें. पिशवींतला दोन इंचांचा मासा आवडला, तर दुकानदारास एवढेंच विचारावें कीं, हा पुरता वाढल्यावर किती लांब होईल. मग खिशांतून कागद काढून मुलाकडूनच लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करवून घ्यावा, त्यास २८ नें गुणावें, त्याचा चौथा हिस्सा काढावा आणि तेवढें पाणी दर आठवड्यास कोण भरणार, हें तेथेंच ठरवावें. उत्तर जुळलें, तर मासा जरूर घ्यावा. न जुळल्यास लहानच राहणारे गप्पीसारखे मासे घ्यावे, किंवा रिकाम्या हातानें परत यावें. मूल थोडा वेळ रडेल. सहदेव गेला त्या दिवशीं माझा नातू त्याहून अधिक रडला होता.